‘फेल’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गुहागरहून तुम्ही लिहिता की मासेमारी नौकेच्या डिझेल इंजिनाची माहितीपुस्तिका आणि तिच्यासोबतची विम्याची कागदपत्रे मराठीत आणण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. मूळ मजकुरात ‘फेल’ आणि ‘फेल्युअर’ हे शब्द पानोपानी येतात, तुम्ही सगळीकडे ‘अयशस्वी’ आणि ‘अपयश’ असे लिहिले, आणि तपासणाऱ्याने त्यांतल्या बहुतेक जागांभोवती लाल वर्तुळे काढून काम परत पाठवले. आता तुम्हाला या शब्दाचे मराठी समानार्थी शब्द हवे आहेत, म्हणजे ते आलटून पालटून वापरता येतील.

शब्द मी देईन, पण ‘आलटून पालटून’ हे मात्र मनातून काढून टाका. तुमच्या मजकुरातली अडचण एकच शब्द पुन्हा पुन्हा आल्याची असावी असे मला वाटत नाही. तो शब्द जिथे बसत नाही तिथे बसवला गेला, ही ती अडचण आहे. ‘अयशस्वी’च्या जागी एकदा ‘असफल’, एकदा ‘विफल’, एकदा ‘निष्फळ’ लिहिल्याने वर्तुळे कमी होणार नाहीत. उलट वाचणाऱ्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या कप्तानाला, वाटेल की ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. मी रत्नागिरीत 27 वर्षे हे काम करतो आहे. सुरुवात न्यायालयाबाहेरच्या टंकलेखनाच्या टेबलावर झाली, पुढे विम्याचे अर्ज, यंत्रांच्या पुस्तिका आणि दवाखान्यांची माहितीपत्रके येत गेली. या सगळ्यांत एवढे मात्र पक्के कळले की इंग्रजीत ‘फेल’ दिसला की शब्दकोश उघडण्याआधी विचारावे : काय फेल झाले, आणि झाले म्हणजे त्याचे नेमके काय झाले?

इंग्रजी या एका क्रियापदात वाटेल ते कोंबू शकते. मराठीत मात्र ज्या वस्तूचे बिनसले त्या वस्तूवर क्रियापद ठरते. आपल्याच किनारपट्टीची उदाहरणे घ्या. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. स्थापत्य अभियंत्याच्या इंग्रजीत या तिन्ही घटना ‘फेल्युअर’ या एकाच सदराखाली येतात : धरणाचे फेल्युअर, पुलाचे फेल्युअर, उताराचे फेल्युअर. मराठीत ‘धरण अयशस्वी झाले’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा विचारील, कोणत्या परीक्षेला बसले होते? धरण फुटते, पूल वाहून जातो किंवा खचतो, दरड कोसळते. त्याचप्रमाणे पतपेढी बुडते, धंदा बसतो, नाटक पडते, बोलणी फिसकटतात, बेत बारगळतो, डाव फसतो, नेम हुकतो, मोहोर गळतो, विरजण लागत नाही आणि चेक वटत नाही. यांतला प्रत्येक शब्द ‘फेल’चा मराठी प्रतिशब्द आहे आणि यांतले कोणतेही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उकडीचे मोदक करणाऱ्या घरात तर ‘फेल’ला आणखी बारीक वाटा फुटतात : उकड जमत नाही, पारीला चिरा जातात, मोदक वाफेत फुटतो. स्वयंपाकघरात कोणी ‘मोदक अयशस्वी झाले’ म्हणालेले मी तरी ऐकलेले नाही.

मग ‘अयशस्वी’ कुठे चालते? याचे उत्तर त्या शब्दाच्या मुळातच आहे. संस्कृतात ‘यशस्’ म्हणजे कीर्ती, नावलौकिक. त्यामुळे अपयशात मुळात दुष्कीर्तीचा, नाव खाली जाण्याचा भाव आहे. आज आपण ‘यश’ हा शब्द ‘कार्यसिद्धी’ या अर्थाने वापरतो, तरी तो जुना वास अजून गेलेला नाही. यश-अपयश त्याला असते ज्याला काही साधायचे असते आणि ज्याचे नाव पणाला लागलेले असते : उमेदवाराला, गिर्यारोहकाला, संशोधकाला, सरकारी मोहिमेला. ‘शिखर सर करण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला’ हे वाक्य निर्दोष आहे. इंधनाच्या पंपाला मात्र ना हेतू आहे ना अब्रू. तो बिघडतो, झिजतो, तुंबतो, गळतो. त्याला अपयशी म्हणणे म्हणजे पितळेच्या नळाला बेइमान म्हणण्यासारखे आहे.

गंमत अशी की इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र खरोखर बेइमानीच आहे. ‘फेल’ हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधले ‘फाल्लेरे’ हे क्रियापद आहे, ज्याचा अर्थ ‘फसवणे’. ‘फॉल्स’ आणि ‘फॉल्ट’ ही याच कुळातली भावंडे. म्हणून आपला बागायतदार जेव्हा ‘यंदा पावसाने दगा दिला’ म्हणतो, किंवा म्हातारे गृहस्थ ‘आता नजर दगा देते’ म्हणतात, तेव्हा ते कोशातल्या कोणत्याही शब्दापेक्षा मुळाच्या अधिक जवळ असतात. ‘दगा देणे’ हा प्रयोग बोलण्यात आणि ललित लेखनात फार चांगला, पण तुमच्या पुस्तिकेत तो घालू नका. ‘गिअरबॉक्सने दगा दिल्यास’ हे वाचून माणूस हसेल आणि पुढचे वाचणार नाही.

आता तुमच्या कामातल्या सर्वांत मोठ्या गटाकडे येतो. ‘फेल’च्या पुढे दुसरे क्रियापद आले की, म्हणजे ‘सुरू होण्यात फेल’, ‘थांबण्यात फेल’, ‘कळवण्यात फेल’ अशी रचना असली की, बहुतेक वेळा तिथे अपयशाचा काही संबंध नसतो. इंग्रजी तिथे नुसता नकार जरा लांबून घालत असते. मराठीत ‘नाही’ पुरते, आणि कधी कधी ‘नाही’पेक्षाही नेमके असे एक रूप आपल्याकडे आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका इंजिनाची पुस्तिका माझ्याकडे आली होती. मी लिहिले होते, ‘इंजिन सुरू होण्यास अयशस्वी झाल्यास इंधनप्रणाली वायुमुक्त करावी.’ सुदैवाने छापण्यापूर्वी कागद घेऊन मिरकरवाड्याच्या जेट्टीवर गेलो. तिथे देवगडकडची एक नौका बंद पडून लागली होती आणि तिचा तांडेल घामाघूम होऊन सांगत होता, “सकाळपासून हँडल मारतंय, चालूच होणा नाय.” मिस्त्रीने माझा कागद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारले, “म्हणजे इंजिन चालू होत नसेल तर एअर काढायची, असंच ना?” मग त्याने ते समोरच करून दाखवले. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि हाताने पंप दाबत राहिला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल फुरफुरत आले, आणि शेवटी बुडबुडा नसलेली सरळ धार लागली तेव्हा त्याने स्क्रू आवळला. त्यानंतर इंजिन एका दमात पेटले. माझे वाक्य मी तिथेच खोडले आणि लिहिले, ‘इंजिन चालू होत नसेल तर डिझेलच्या लाइनीतली हवा काढा.’

त्या तांडेलाचे ‘चालू होणा नाय’ मात्र डोक्यात राहिले. प्रमाण मराठीत त्याच्या सर्वांत जवळचे रूप म्हणजे ‘चालू होईना’. ‘इंजिन चालू झाले नाही’ ही नुसती नोंद आहे. ‘इंजिन चालू होईना’ म्हणताच त्यामागे माणसाची खटपट दिसते : त्याने एकदा मारले, दोनदा मारले, तरी होईना. होईना, लागेना, पेटेना, सुचेना, उघडेना, उतरेना. अनेकवचनात होईनात, लागेनात. करून पाहिले आणि घडले नाही, हा जो अर्थ इंग्रजी ‘फेल’ने आणते, तो मराठी क्रियापदाच्या शेपटीतच बसवते. त्यापुढची पायरी ‘-नासे होणे’ ही. ‘दिसेनासे झाले’, ‘चालेनासे झाले’ यांत आधी होत होते आणि आता होत नाही असा बदल आहे. म्हाताऱ्या माणसाची दृष्टी ‘फेल’ होते तेव्हा मराठीत ‘त्यांना दिसेनासे झाले’ याहून नेमके काही नाही. ही रूपे कथनात शोभतात. सूचनावजा मजकुरात ‘होत नसेल तर’ हीच बरी, कारण पुस्तिका गोष्ट सांगत नसते.

त्याच पुस्तिकेत दुसरे एक वाक्य होते, पंप ‘प्राइम’ होण्यात फेल झाल्याचे. मिस्त्री म्हणाला, पंप पाणी धरत नाही. चार शब्दांत काम झाले. तुमच्याही पुस्तिकेत हे वाक्य बहुधा असेल, तेव्हा ते तसेच उचला.

विम्याच्या आणि कायद्याच्या कागदांत मात्र नुसत्या ‘नाही’ने भागत नाही, कारण तिथे कोणाचा दोष हा प्रश्न येतो. ‘विमाधारक कळवण्यात फेल झाला’ हे एकच इंग्रजी वाक्य मराठीत निदान तीन तऱ्हांनी लिहिता येते. ‘विमाधारकाकडून कळवायचे राहून गेले’ म्हटले की विसर पडला, मनात काही नव्हते. ‘विमाधारकाने कळवले नाही’ म्हटले की घटना सांगितली, दोष वाचणाऱ्यावर सोडला. ‘विमाधारकाने कळवण्यात कसूर केली’ म्हटले की कर्तव्य होते आणि ते त्याने पाळले नाही, असा ठपकाच ठेवला. इंग्रजी शब्द या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा असतो आणि भाषांतरकाराला एक बाजू निवडावी लागते. माझा रिवाज असा : करारातल्या अटी आणि कायद्याची कलमे असतील तर ‘कसूर’, वस्तुस्थितीचा अहवाल असेल तर साधा नकार, आणि दावेदाराचे स्वतःचे निवेदन असेल तर त्याला विचारूनच ‘राहून गेले’. एका निवेदनात मी न विचारता ‘कसूर झाली’ लिहिले होते आणि समोरच्या बाजूने ते कबुलीजबाब म्हणून वाचून दाखवले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

‘कसूर’ या शब्दाला जुनाट म्हणून नाके मुरडणारे असतात, पण तो जिवंत आहे आणि त्याच्या तोडीचा दुसरा नाही. चेक न वटल्याबद्दलचे कलम 138 घ्या. 1881 च्या ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स’ कायद्यात नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे देण्यात जो ‘फेल’ होतो त्याच्यावर खटला उभा राहतो. इथे ‘पैसे देण्यात अयशस्वी ठरल्यास’ असे लिहिले तर वाटते की बिचारा धडपडला पण जमले नाही. कायद्याला त्याच्या धडपडीशी कर्तव्य नाही. ‘रक्कम देण्यात कसूर केल्यास’ किंवा सरळ ‘रक्कम न दिल्यास’ हेच बरोबर. नोटिशीच्या शेवटी ‘फेलिंग विच’ अशी सुरुवात करून जी धमकी येते, तिला मराठीत ‘अन्यथा’ किंवा ‘तसे न केल्यास’ म्हणतात. आणि ‘विदाउट फेल’ म्हणजे ‘न चुकता’. गणपतीला चाकरमानी न चुकता गावी येतो. त्याला ‘अपयशाविना येतो’ असे कोणी म्हणत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ‘तो यायला कधी फेल होत नाही’ हीच गोष्ट ‘तो आल्याशिवाय राहत नाही’ अशी फिरवून सांगितली की वाक्यात जीव येतो.

इथवरचे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे निराळे आहे. वस्तू असेल तर तिचे स्वतःचे क्रियापद शोधा. ‘फेल’पुढे दुसरी क्रिया असेल तर ‘नाही’, ‘होत नसेल तर’ किंवा ‘होईना’. कर्तव्य असेल तर ‘कसूर’. माणूस, प्रयत्न, मोहीम असेल तरच ‘अयशस्वी’.

दवाखान्यातला ‘फेल’ हा मात्र जपून हाताळण्याचा प्रकार आहे, आणि तुमच्याकडे आज असे काम नसले तरी उद्या येईल म्हणून लिहितो. आपल्याकडे ‘त्यांचं हार्टफेल झालं’ याचा अर्थ माणूस अचानक गेला असा आहे. डॉक्टरांच्या भाषेत मात्र हृदयविकाराचा झटका, हृदय बंद पडणे आणि ‘हार्ट फेल्युअर’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. हृदय बंद पडणे म्हणजे ठोके थांबणे. ‘हार्ट फेल्युअर’मध्ये हृदय चालू असते, पण शरीराला लागेल एवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते, पायांना सूज येते, चालताना धाप लागते, आणि औषधपाण्यावर अशी माणसे वर्षानुवर्षे जगतात. एका माहितीपत्रकात मी ‘हृदय निकामी होणे’ असे लिहिले होते. शब्द कोशात सापडणारा, वर्तमानपत्रात रुळलेला. पण तो वाचून एका आजोबांनी घरी निरवानिरवीची भाषा सुरू केली, असे त्यांच्या मुलाने येऊन सांगितले. पुढच्या आवृत्तीत मी ‘हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती कमी होणे’ असे लिहिले. लांब आहे, पण खरे आहे.

मूत्रपिंडांचेही तसेच. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, रुग्ण येतात. त्यांतल्या काहींची मूत्रपिंडे काही दिवस काम करीनाशी होतात आणि वेळेवर उपचार झाले तर बऱ्याच जणांची पुन्हा चालू लागतात. ‘निकामी’ या शब्दात मात्र परतीची वाट नाही. निकामी झालेली वस्तू आपण भंगारात देतो. म्हणून तात्पुरत्या बिघाडाला ‘काम करेनाशी झाली आहेत’ किंवा ‘काम मंदावले आहे’, आणि डॉक्टरांनी कायमचे म्हटले असेल तरच ‘निकामी’. हे तुमचे तुम्ही ठरवायचे नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारायचे.

परीक्षेतल्या ‘फेल’बद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ‘नापास’ हा मजेदार जोडशब्द आहे : पुढे ‘नाउमेद’, ‘नापसंत’मधला ‘ना’ आणि मागे चक्क इंग्रजी ‘पास’. तो इतका मराठी झाला आहे की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. कागदोपत्री ‘अनुत्तीर्ण’ म्हणतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला गेला. शेऱ्यामागचा हेतू चांगला असेल, पण पोरे आपसांत काय म्हणायचे ते म्हणतातच. कोकण विभागाचा निकाल राज्यात सर्वांत वर असतो म्हणून आमच्याकडे या शब्दाला काम थोडे कमी, एवढे फुशारकीने सांगून पुढे जातो. माणसालाच ‘फेल्युअर’ म्हणण्याची इंग्रजीतली पद्धत मात्र मराठीत आणताना शंभरदा विचार करा. ‘नाकर्ता’, ‘कुचकामी’, ‘वाया गेलेला’ हे शब्द आहेत, पण ते शिव्यांच्या फार जवळ राहतात. बहुतेक वेळा ‘त्याला ते जमले नाही’ एवढे म्हटले की अर्थही येतो आणि माणूसही शाबूत राहतो.

तुम्ही इंग्रजी समानार्थी शब्दांचीही एक यादी जोडली आहे. त्यातले ‘फ्लॉप’ आणि ‘फियास्को’ हे रंगभूमीच्या अंगणातले आहेत. ‘फ्लॉप’ हा पडण्याच्या आवाजावरून आलेला, आपल्या ‘धपकन’सारखा, म्हणून त्याला ‘आपटला’ फार छान बसते : सिनेमा आपटला. ‘फियास्को’ म्हणजे इटालियनमध्ये बाटली. नाटकवाल्यांच्या बोलीतून तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला. नुसते फसणे नव्हे, चारचौघांत हसे होणे त्यात आहे, म्हणून त्याला ‘फज्जा उडणे’ किंवा ‘बोजवारा उडणे’. ‘ब्रेकडाउन’ म्हणजे चालता चालता बंद पडणे. ‘कोलॅप्स’ म्हणजे कोसळणे. ‘लॅप्स’ला विधिमंडळाच्या भाषेत ‘व्यपगत’ म्हणतात, पण विम्याच्या कागदात तुमचा वाचक खलाशी आहे हे लक्षात ठेवून ‘हप्ता न भरल्याने पॉलिसी बंद पडली’ असे लिहा आणि वाटल्यास पहिल्या ठिकाणी ‘लॅप्स झाली’ हेही सोबत द्या. तो शब्द त्याने एजंटाकडून ऐकलेला असतो. ‘डिफॉल्ट’ म्हणजे हप्ता चुकणे, कर्ज थकणे.

या यादीतला सर्वांत आपला शब्द तुम्ही चुकीच्या रकान्यात टाकला आहे. ‘फाउंडर’ याचा अर्थ तुम्ही ‘संस्थापक’ असा लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ नौकेत पाणी भरून ती तळाशी जाणे. दोन्ही शब्दांच्या मागे लॅटिनमधला ‘फुंदुस’ म्हणजे तळ आहे : एकाने तळात पाया घातला, दुसरा तळाला गेला. इंग्रज खलाशी लाटेने उलटणे, खडकावर फुटणे आणि पाणी भरून बुडणे यांना तीन वेगळी क्रियापदे वापरतो. आपण बोलताना सगळ्याला ‘बुडाली’ म्हणतो. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोटही आपल्या आठवणीत बुडालेलीच आहे. पण विम्याच्या अर्जात नौका उलटली, खडकाला लागून फुटली की पाणी भरून बुडाली हे वेगवेगळे लिहावेच लागते, कारण दाव्याची चौकशी त्याच वाटेने चालते. इथे मराठीने आळस करू नये. शब्द आपल्याकडे आहेत.

पिकाच्या ‘फेल्युअर’विषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कोकणात राहून विम्याची कागदपत्रे करणाऱ्याला ते टळणार नाही. ‘पीक बुडाले’ हा सरसकट शब्द झाला. आंब्याच्या बागेत मात्र तुडतुड्याने मोहोर काळा पडला, भुरीने करपला, कणी म्हणजे इवलेसे फळ धरलेच नाही, पुन्हा मोहोर आल्याने आधीची कणी गळली, की फळ मोठे होऊन गळले, यांतले नेमके काय झाले ते सांगावे लागते. त्यातही एक शब्द मला फार आवडतो, ‘साका’. हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो, वासही बरोबर असतो, आणि सुरी घातली की कोयीभोवतीचा गर फिकट, भुसभुशीत, आंबूस निघतो. इंग्रजी शास्त्रीय लेखनात याला जी नावे आहेत त्यांतले एक शब्दशः ‘अंतर्गत बिघाड’ असे होते. एका पुस्तिकेत मी हे भाषांतर छापलेले पाहिले आहे. ‘फळात अंतर्गत बिघाड आढळल्यास’ हे वाचून बागायतदाराला वाटेल आंब्यात मोटर बसवली आहे. आणि एक व्यावहारिक गोष्ट : आंबा-काजूची जी हवामानावर आधारित विमा योजना आहे तिच्यात भरपाई ठरते ती पाऊस, तापमान अशा नोंदींवरून. त्यामुळे त्या कागदांत ‘पीक बुडाल्यास भरपाई’ असे ढोबळ लिहिणे ही भाषेची चूक राहत नाही, शेतकऱ्याची दिशाभूल होते.

आता ‘फेल’ हा शब्द तसाच ठेवला तर? ठेवा की. ‘प्लॅन फेल गेला’, ‘मोटर फेल झाली’ हे आज गावागावांत बोलले जाते आणि त्याला अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही. माझी हरकत एवढीच की ‘मोटर फेल’ म्हटल्यावर मिस्त्रीला पुढे विचारावेच लागते, जळली की जाम झाली? बोलताना तो विचारू शकतो. छापील पुस्तिकेला उलट प्रश्न विचारता येत नाही. मोबाइलवरच्या ‘व्यवहार अयशस्वी’बद्दलही माझे तेच मत आहे. चौकटीत जागा कमी असते म्हणून तो चालवून घेऊ, पण मासळीच्या लिलावात पैसे पाठवणाऱ्या बाईला हवे असते ते एकच : माझे पैसे गेले की राहिले? ‘पैसे गेले नाहीत, पुन्हा करा’ एवढे जिथे लिहिता येईल तिथे लिहावे.

तुम्ही पाठवलेली तीन अडलेली वाक्ये आता घेतो. पहिल्यात ‘या सूचना पाळण्यातील अपयश इंजिनाच्या अपयशात परिणत होऊ शकते’ असे तुम्ही केले आहे. दोन्ही अपयशे काढा : ‘या सूचना पाळल्या नाहीत तर इंजिन बंद पडू शकते.’ मूळ पानावर जर पिस्टन जाम होण्याची गोष्ट चालली असेल, तर ‘बंद पडू शकते’ऐवजी ‘कायमचे निकामी होऊ शकते’.

दुसऱ्यातला ‘फेल-सेफ’ तुम्ही ‘कधीही अयशस्वी न होणारे’ असा घेतला आहे आणि ही खरी घातक चूक आहे. त्याचा अर्थ नेमका उलटा : बिघडेल हे गृहीत धरून, बिघडले तरी सुरक्षित बाजूलाच पडेल अशी केलेली रचना. रेल्वेचे ब्रेक पाहा. डबे तुटून वेगळे झाले तर नळीतली हवा सुटते आणि हवा सुटली की ब्रेक आपोआप लागतात. यंत्रणा बिघडली, पण गाडी थांबली. ‘बिघडले तरी सुरक्षित’ असे सरळ लिहा. मात्र तुमच्या पुस्तिकेत वीज गेल्यावर डिझेल आपोआप बंद करणाऱ्या झडपेला हे विशेषण लावले आहे. जमिनीवरच्या जनरेटरला ते शोभेल. खडकाजवळून जाणाऱ्या नौकेचे इंजिन आपोआप बंद पडणे सुरक्षित कसे, हे कंपनीला विचारून घ्या. मूळ पुस्तिका जमिनीवरच्या इंजिनासाठी लिहिलेली असण्याचा मला संशय आहे.

तिसरे वाक्य सुकाणूच्या ‘फेल्युअर’चे. त्याचे भाषांतर मी आज करू शकत नाही. सुकाणू वळेनासे झाले, मोकळे फिरू लागले, की तुटून पडले? तिन्हींत तांडेलाने करायचे काम वेगळे आहे आणि इंग्रजी वाक्य त्याबद्दल गप्प आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि तांडेल मंडळी जाळी विणत निवांत बसलेली असतात. पुस्तिका घेऊन तिथे जा, ते पान उघडा आणि आकृतीवर बोट ठेवून विचारा, इथे बिघडले तर तुम्ही काय म्हणता? जे म्हणतील ते लिहून घ्या, आणि मलाही कळवा.